थोपटलेलं पाणी
हैदराबादहून शिकारीला आलेल्या नवाबसाहेबांना हणमंत भोई डोंग्यातून पैनगंगेच्या वरच्या अंगाला, माहूरच्या घनदाट रानात घेऊन चालला होता. दिवसभरात एक सांबरही दिसलं नव्हतं. साहेबांचा पडलेला चेहरा पाहून हणमंताला आपलीच लाज वाटली. देवीचा डोह येताच तो बोलून गेला, "हुजूर, हितं कुणी जाळं टाकत न्हाई. म्या पाणी थोपटलं की मासे वर येतेत." "बुलाव, देखेंगे," साहेब म्हणाले. हणमंतानं नेहमीसारखं पाणी थोपटलं, मूठभर लाह्या टाकल्या. काळ्या पाठीचे मोठाले मासे तोंडं उघडत डोंग्याला भिडले. कौतुकानं तो मागं वळला, तर साहेबांनी बंदूक खांद्याला लावली होती. "हुजूर, नगा मारू. माझ्या भरोशावर आलेत ते." साहेबांनी नेम धरला. मासे पळावेत म्हणून त्यानं दोन्ही हातांनी पाणी बडवलं. तळाशी उरलेले मासेही वर आले.