अंगणातला कार्यक्रम

अस्वलाने म्हाताऱ्याचा डावा गाल फाडला, त्याला बारा वर्षं झाली होती. जंगल राखणाऱ्या गावसमितीने पर्यटकांसाठी घराघरांत खोल्या काढल्या, तेव्हा सून म्हणाली, “बाबा, पाहुणे जेवताना तुम्ही मागे बसा. त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.” एकदा एक पाहुणी चुकून मागच्या खोलीत शिरली. तिने तोंड फिरवलं नाही, उलट शेजारी बसून विचारपूस केली. म्हाताऱ्याची कळी खुलली. दुसऱ्याच दिवशी समितीच्या फळ्यावर नवा कार्यक्रम लागला: ‘अस्वलाशी झुंजलेला माणूस.’ सुनेने अंगणात खुर्ची मांडून त्याच्या गालावरचा मफलर सोडला. पाहुणे सरसावून बसले. म्हातारा म्हणाला, “मी झुंजलो नाही. झुंजली माझी बायको. मला सोडवताना तिला...” सून कानाशी वाकली. “आईंचं मरण नको, बाबा. ऐकून उद्या जंगलात कोण जाईल? नुसता गाल दाखवा.” म्हाताऱ्याने गाल उजेडाकडे वळवला.