उत्तम स्थितीतली गाडी

“आत गेल्यावर एक अक्षर बोलायचं नाही तुम्ही,” बायकोने शोरूमच्या काचेच्या दारात तिसऱ्यांदा बजावलं. “कुणी काही विचारलं तर हसायचं. नुसतं हसायचं.”

ग्रंथपालाने तिथूनच हसायला सुरुवात केली. तिचं म्हणणं त्याला पटत होतं. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. रहस्यकथेची शेवटची चार पानं गळालेली असली, तर तो पुस्तक देतानाच तसं सांगून टाकायचा, आणि हळहळ वाटून खुनी कोण तेही सांगायचा. अशा माणसाला जुनी गाडी खपवायला न्यायचं म्हणजे कठीणच. पण गाडी त्याच्या नावावर होती, सही त्याचीच लागणार होती. म्हणून त्याला आणलं होतं, आणि पाठबळ म्हणून त्याच्या आईलाही.

गेली नऊ वर्षं हे घर एकाच कंपनीला धरून होतं. या निष्ठेची कदर म्हणून त्या कंपनीने नव्या गाडीवर फुकट काय देऊ केलं, तर पायपुसण्यांचा एक संच. समोरच्याच रस्त्यावरची ही दुसरी कंपनी मात्र पायघड्या घालून बसली होती. त्यांची गाडी सोडून आमच्याकडे या आणि घसघशीत सूट घ्या! अट एकच. तपासणीच्या कागदावर जुन्या गाडीला ‘उत्तम’ असा शेरा मिळायला हवा. ‘बरी’ मिळाला तर सूट नाही, आणि सूट नाही तर ग्रंथपालाच्या पगारात नवी गाडी नाही. बायकोला तर नवी गाडी हवीच होती. का हवी होती, ते शोरूममध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

गाडीने त्या दिवशी घराण्याची लाज राखली. सासूबाईंनी सकाळी जुनी चादर घेऊन तिला अशी घासली होती, की तपासनीसाला तिच्यात स्वतःचा भांग दिसला. त्याच्या जेवणाची वेळ झाली होती. त्याने बाहेरूनच दोन चकरा मारल्या, एका टायरला लाथ घातली आणि पेन्सिलीने ‘उत्तम’ लिहून कागद विक्रेत्याच्या हातात दिला.

“शिक्का काय, आल्यावर मारतो,” टायवाला विक्रेता म्हणाला. “आधी नवी गाडी चालवून तर बघा, साहेब!”

साहेब हसले.

ग्रंथपाल चालवायला बसला. बायको त्याच्या मागे बसली, तिच्या शेजारी आई. विक्रेता पुढे, त्याच्या शेजारी. “पाय पसरायला बघा किती ऐसपैस जागा,” असं म्हणून त्याने डावा गुडघा समोरच्या कप्प्याला टेकवला आणि कागद उजव्या मांडीवर ठेवला.

ग्रंथपालाने चावी फिरवण्याआधी समोर दोन बुक्क्या मारल्या. मग चावी फिरवली. गाडी चालू झाली. विक्रेत्याने नुसतं पाहिलं.

पहिलं वळण आलं. बायकोने उजव्या हाताने दार ओढून धरलं. वळण संपल्यावर सोडलं.

पुढे पाण्याचं डबकं होतं. मागे बसलेल्या दोघींनी एकदम पाय वर घेतले. डबकं गेल्यावर खाली ठेवले.

चढ लागला. तिघंही पुढे वाकली आणि माथा येईपर्यंत तशीच राहिली.

माथ्यावर एक सायकलवाला आडवा आला. ग्रंथपालाने खिडकीतून अर्धा देह बाहेर काढला आणि गरजला, “अहो, बाजूला व्हा!” सायकलवाला बाजूला झाला. ग्रंथपाल आत आला आणि ठरल्याप्रमाणे विक्रेत्याकडे बघून हसला.

परत येऊन गाडी शोरूमसमोर थांबली. मग विक्रेत्याने अगदी मायेने विचारलं, “साहेब, तुमच्या जुन्या गाडीचा हॉर्न कधीपासून बंद आहे?”

ग्रंथपालाचं हसू गोठलं.

“आणि ताई, दार फक्त तुमच्याच बाजूचं उघडतं की दोन्ही? खाली भोक आहे ते साधारण केवढं?”

“मी एक शब्दही बोललो नाही हं,” ग्रंथपाल मागे वळून कळवळून म्हणाला.

विक्रेत्याने ‘उत्तम’ खोडलं आणि त्या जागी ‘बरी’ लिहिलं. लिहिताना त्याला वाईट वाटत होतं असं काही दिसलं नाही. बायकोला मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं. नऊ वर्षं ती प्रत्येक वळणावर दार धरून बसली होती. तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं जाड झाला होता, आणि एकाही बाहीत तो मावत नव्हता. आता आणखी नऊ वर्षं! तिने कपाळाला हात लावला, तोही डावा, कारण उजवा अजून दाराच्या कडीवरच होता.

आई पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकावून खाली कुठेतरी बघत होती.

“झालं ना लिहून?” तिने विक्रेत्याला विचारलं. “मग आता तो गुडघा काढा की हो तिथून. निघाल्यापासून कप्प्याचं झाकण दाबून धरून अवघडून बसलाय.”



विक्रेत्याने आईकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा त्याने काढला नाही. तो तसाच ठेवून त्याने ‘बरी’ खोडलं आणि पुन्हा ठळक अक्षरांत ‘उत्तम’ लिहिलं.