सव्वीस अंश

"सव्वीस अंशांवर माणूस काम करत नाही, शिजतो!" आबांनी बाकावर थाप मारली आणि मागच्या रांगांनी बाकं बडवून साथ दिली.

ठराव साधा होता. उन्हाळाभर कचेऱ्या, बँका, मोठी दुकानं आणि हे नगरपालिकेचं सभागृह, कुठेही एसी सव्वीसच्या खाली न्यायचा नाही. आजवर सगळीकडे तो अठरावर असायचा. दुपारी वीज पुरेनाशी झाली की रेल्वे यार्डामागच्या वस्तीची वीज तोडली जायची, कारण तिथल्या लोकांच्या ओरडण्याला कोणी भीक घालत नसे. ठराव मांडणारी नगरसेविका समोरच्या बाकावर होती. ती दुसऱ्या पक्षाची होती आणि आबांची धाकटी सून होती.

घरी ती आबांना गोळ्या वेळेवर द्यायची आणि सभागृहात त्यांच्या नाकी नऊ आणायची. आबांना दोन्हीचं कौतुक होतं, पण दुसरं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. हरणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मतं काठावर होती. आबा जिकडे जातील तिकडे आणखी चारजण जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वीज कमी पडते ना? मग जास्त तयार करा!" ते गरजले. "नवा प्रकल्प आणा. घरात भूक वाढली तर माणूस मोठं भांडं चुलीवर ठेवतो, ताटल्या लहान करत नाही."

सभागृह हसलं. सून उभी राहिली. "प्रकल्पाला सात वर्षं लागतील आणि उकाडा आज आहे. यार्डामागे आपल्या आक्काही राहतात. सन्माननीय सदस्य विसरले असतील."

विसरतील कसे? आई गेल्यावर थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. कालच ते तिच्याकडे गेले तेव्हा आक्का डोक्यावर ओला टॉवेल घेऊन जिन्यात बसली होती. वीज गेली होती आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली बसवत नव्हतं. आबांनी तिच्यासाठी बॅटरीवर चालणारा पंखा नेला होता. तो तिने तिथल्या तिथे परत केला. "सगळी बिल्डिंग घामाघूम झालीय आणि मी एकटीने वारा खाऊ? मला लाज वाटेल रे." आबांना रात्रभर झोप नव्हती. पण म्हणून भर सभेत सुनेपुढे मान तुकवायची?

"बहीण माझी आहे आणि जीव माझा तुटतो," आबा म्हणाले. "पण नुसत्या भावनेवर शहर चालत नाही. याच सभागृहात सव्वीसवर तासभर बसून दाखवा, मग आम्हाला शिकवा."

"बसलोच आहोत की," सून शांतपणे म्हणाली. "अध्यक्षबाईंच्या परवानगीने एसी सकाळपासून सव्वीसवर आहे."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. मग सगळ्या सभागृहाला एकदम उकडायला लागलं. कोणी कॉलरचं बटण काढलं, कोणी हातातल्या कागदांनी वारा घ्यायला लागलं. शेजारच्या बाकावरचे वकीलसाहेब सकाळी पाणीपट्टीच्या विषयावर छान घोरत पडले होते, त्यांचाही जीव गुदमरू लागला. आबांच्या कपाळावर तर खरोखरीचा घाम फुटला. पण हार मानतील तर ते आबा कसले!

"तरीच!" त्यांनी आवाज चढवला. "तरीच सकाळपासून डोकं चालत नव्हतं! आणखी काय पुरावा हवा? अध्यक्षबाई, आधी एसी होता तसा करा, मगच मतदान घ्या."

एकच गलका झाला. अध्यक्षबाईंनी दारातल्या मेकॅनिकला अठरावर आणायला सांगितलं. तो तळमजल्यावरच्या यंत्रांच्या खोलीकडे धावला.

थोड्या वेळाने सभागृहाच्या जिवात जीव आला. कागद खाली ठेवले गेले, कॉलरी नीट झाल्या. एका नगरसेविकेने पर्समधून शाल काढून खांद्यावर घेतली. "हं, आता कसं माणसांत आल्यासारखं वाटतंय," वकीलसाहेब म्हणाले. आबांनी छाती भरून श्वास घेतला. डोकं लख्ख झालं होतं, शब्द आपोआप जिभेवर येत होते. त्यांनी असं भाषण ठोकलं की समोरच्या बाकांवरचेही दोघेतिघे डोलले.

"बघा," ते शेवटी म्हणाले, "आठ अंशांनी माणूस कसा बदलतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

टाळ्या पडल्या. सून खाली मान घालून बसली होती. तिचे डोळे भरून आलेले आबांना दिसले आणि त्यांना फार वाईट वाटलं. घरी गेल्यावर समजूत काढू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"ठरावाच्या विरोधात असलेल्यांनी हात वर करावेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पहिला हात आबांचा गेला. त्यांच्याकडे पाहून वकीलसाहेबांचा गेला, शालवाल्या बाईंचा गेला, मागच्या रांगांमधले भराभर गेले. मोजणी सुरू होणार तेवढ्यात दार उघडलं आणि मेकॅनिक धापा टाकत आत आला.

"माफ करा बाई, खोलीला कुलूप आहे," तो म्हणाला. "किल्लीसाठी सगळे मजले पालथे घातले, कुठेच मिळेना. एसीला अजून हातसुद्धा लावता आला नाही. आता काय करू?"

आबांचा हात वरच होता. त्यांना अजून गार वाटत होतं.

"काही करू नकोस," आबा म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला.