डॅशबोर्डमागची गाठ

लोकेंद्रने हौसेने आणलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचे हेडलाइट लावले की फ्यूज उडायचा आणि गाडी जागीच बंद पडायची. फुलचूर गावातल्या बाबांच्या गॅरेजमध्ये दुर्गेश्वरीने डॅशबोर्ड उघडला आणि टेस्ट लॅम्प लावून एकेक वायर तपासत गेली. एका वायरचं आवरण झिजून तांबं पत्र्याला टेकत होतं. दोष सापडला, पण तिचा हात शेजारच्या जोडावर थांबला.

फार पूर्वी कोणीतरी त्या जोडावर सुती दोरा गुंडाळून, टोक उलटं वळवून गाठ मारली होती. तशी गाठ फक्त तिच्या घरात मारायचे. खाटेच्या दोरीला, धानाच्या भाऱ्याला, आणि बाबांनी गॅरेज काढल्यापासून वायरींनाही.

"हे गाडी आधी माह्या बाबाकडं आली होती का जी?" तिने शेजारी उभ्या लोकेंद्रला विचारलं.

"नाही. परवाच धारहून ट्रकवर आणली. जन्मभर तिकडंच होती."

तिने बाबांना हाक मारून गाठ दाखवली, गाडी धारची असल्याचं सांगितलं. जियालाल वाकले आणि गाठ बोटाने चाचपत राहिले.

"कितीक पिढ्यांआधी आपले पूर्वज धारहूनच इकडं आले न बाई, बैलगाड्या घेऊन," ते हळूच म्हणाले. "मले वाटे, तिकडचं आपल्याजवळ काईच नाही उरलं."

दुर्गेश्वरीने झिजलेला तुकडा कापून नवी वायर जोडली आणि वर दोरा बांधला. हेडलाइट लागले, इंजिन चालूच राहिलं. तरी डॅशबोर्ड परत लावायला दोघांचाही हात धजेना. आत एक दोरा काळा पडला होता, दुसरा पांढराशुभ्र होता. दोन्हींवरची गाठ एकच होती.