सुटलेली तार

"पेजेत मीठ फार पडलंय, कुमुद. लक्ष कुठं असतं तुझं?" गळ्यातल्या पट्ट्यातून दिगंबरकाकांचा आवाज आला. काकू हरखल्या. "ऐकलंत, सिस्टर? किती महिन्यांनी भांडले माझ्याशी!"

पक्षाघातानं काकांची वाचा गेली होती. मेंदूत उमटणारे शब्द टिपून पट्टा ते त्यांच्याच आवाजात बोलून दाखवायचा.

काकांना कुशीवर वळवताना सिस्टर हेमलताला उशीखाली पट्ट्याची डोक्याला लावायची तार सापडली. सकाळी अंग पुसताना तिनंच ती काढली होती आणि लावायची विसरली होती. म्हणजे पट्टा त्यात भरलेल्या जुन्या घरगुती बोलण्यावरून नुसता अंदाजानं बोलत होता.

तिनं घाईघाईनं तार जोडली. पट्टा गप्प झाला.

"अहो, रुसलात की काय?"

काकांचे ओठ थरथरले. पट्ट्याला टिपण्यासारखा एकही शब्द सापडत नव्हता.

"बोला ना हो!" काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

हेमलतानं तार हळूच काढली.

"काही नाही गं, डोळा लागला होता," पट्टा म्हणाला, आणि काकू हसल्या.

काकांच्या धड हातानं हेमलताचं मनगट घट्ट धरलं. तिनं एकेक बोट सोडवलं आणि तो हात पांघरुणाखाली सारला.