चौथी फजिती

भिंतीवरच्या स्मृतिमापकाने वत्सला कर्णिकांना सकाळीच बजावले, "मैत्रिणींच्या गटात तुम्ही या महिन्यात स्मृतिदोषाच्या तीन चुका सांगितल्या आहेत. चहात मीठ, कुलपाला भलतीच किल्ली, भाचीला बहिणीच्या नावाने हाक. चौथी आढळल्यास तुमचा एकटे राहण्याचा परवाना रद्द होईल आणि तुम्हाला वृद्धनिवासात हलवण्यात येईल."

ही ताकीद गटातही झळकली. पाचच मिनिटांत रत्नागिरीहून शकीलाचा फोन आला. गटातल्या सात जणी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण रोज प्रत्येकीने आपली एक तरी फजिती सांगायची, हा नेम अकरा वर्षे मोडला नव्हता.

"वत्सला, महिनाभर नुसते देवाचे फोटो टाक बाई. यंत्राला त्यात काही सापडत नाही."

"देवाचे फोटो टाकते म्हणून सरोजला आपणच बाहेर काढलं होतं."

"मग गप्प तरी बस."

"गप्पच बसायचं, तर मग घर काय आणि निवास काय?"

फोन ठेवून वत्सलाबाई खुर्चीत बसल्या. आज सांगण्यासारखे घडले तर होतेच. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून त्या मंडईत जाऊन आल्या होत्या आणि कोथिंबीरवाली पोट धरधरून हसली होती. त्यांनी ते सगळे, त्या हसण्यासकट, लिहिले आणि पाठवून दिले.

भिंतीवरचा हिरवा दिवा तांबडा झाला. वत्सलाबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. शकीलाचे उत्तर आले होते, "कुठल्या दोन गं? नीट सांग."