आढीतली ऊब

मंदाने कोठीचं दार ढकललं, तर आई पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली.

भर दुपार होती, तरी आत अंधार. आणि अंधारात वास. गोड, घट्ट, कडेने जरासा कुजका. पेंढ्यावर बारीक माश्या घोंघावत होत्या.

आढी सुलूने लावली होती. मंदाच्या मोठ्या बहिणीने. खाली भाताचा पेंढा, त्यावर परसातले हिरवेगार रायवळ आंबे, देठ खाली करून, वर पुन्हा पेंढा. दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला आणि सोळा वर्षांची सुलू गेली. दहावं झालं, पाहुणे परतले, आढी तशीच. कारण गोडदेव गावातल्या या घरात रीत होती : ज्याने लावली त्यानेच उघडायची. दुसऱ्याने उघडली की आढीचा जीव जातो.

कुंपणापलीकडून गोदूबाई ओरडली, "सावित्रे, माझ्या चुलीपरत वास येतोय गो! आंबे हायत का सुकट?"

आईने ऐकलंच नाही.

"आये, काढूया ना आता," मंदा म्हणाली. "बाबा मिठागरातल्या राशी पावसाआधी शाकारून आले की सगळं उचलून खाडीत टाकणार आहेत. सकाळी म्हणाले मला."

"हात घाल."

"काय?"

"हात घाल म्हन्ते ना."

मंदाने हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत गरम होतं. चुलीसारखं नाही. अंगासारखं.

"शेवटल्या दिशी तिचं कपाल असंच व्हतं," आई म्हणाली. "उघडलं का थंड पडंल."

मंदाच्या मानेवर काटा उभा राहिला. पण मंदा म्हणजे मंदा! नव्या अभ्यासक्रमाचं शास्त्राचं पुस्तक तिने वाचून वाचून खिळखिळं केलेलं. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत वर्गात हिचा हात वर. आणि या प्रश्नाचं उत्तर तर तिला येत होतं.

"आये, तसं काही नसतं गं. आंबे श्वास घेतात, त्याची ऊब आहे ती. पिकायला लागले की जोरात घेतात. आणि एक पिकला ना, की त्याच्यातून वायू सुटतो. दिसत नाही, पण असतो. संप्रेरक म्हणतात. तो शेजारच्या हिरव्याला लागला की तोपण भराभर श्वास घेतो आणि पिकतो. आमच्या बाईंनी डब्यात पिकलेलं केळं आणि हिरवा टोमॅटो ठेवून दाखवलं. खरंच लाल झाला!"

इतक्या दिवसांत आईने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"झाडावरनं तोडल्यावर पन श्वास घेतात?"

"हो तर! तोडलं म्हणजे काय लगेच मेलं—"

मंदा थांबली. पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

"मंग मी काय येगलं सांगतेय?" आई म्हणाली. मग अगदी हळू, "आन् फुडं? फुडं काय व्हतं त्यांचं?"

पुढचंही मंदाला येत होतं. पुस्तकात त्याचा आलेख होता, टेकडीसारखा. श्वास चढत जातो, माथ्यावर पोचतो, मग उतरतो. ती उतरण तिने फळ्यावर खडूने काढून दाखवली होती आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. आता मात्र ती दाराकडे बघू लागली.

दाराशी टोपली होती. सकाळच्या वाऱ्याने पाडलेले उशिराचे हिरवे आंबे तिनेच गोळा करून ठेवलेले. त्यांच्याकडे बघता बघता तिला सुचलं.

"आये, सगळे तसेच ठेवले तर नासून सगळंच थंड पडेल. नासलेले तेवढे काढू. सुलूचे चांगले असतील ते राहू देत, आणि त्यांच्यामध्ये हे हिरवे ठेवू. तिचे आंबे यांना पिकवतील. ऊब राहील."

आईने टोपलीकडे पाहिलं, मग पेंढ्याकडे.

"उघडाया लावनाऱ्याचाच हात लागतो," ती शेवटी म्हणाली. तिची नजर मंदाच्या खांद्यावर आली आणि तिथेच राहिली. मंदाच्या अंगात सुलूचं निळं पोलकं होतं. "तू काढ. तिचं हाय ना तुझ्या अंगात. चालंल."

मंदाने पेंढा उलगडला. वास अंगावर आला. नासलेले आंबे बोटांत फुटत होते. ते तिने घमेल्यात टाकले. चांगले निघाले ते थोडेच, पण काय पिवळे! त्यांच्यामध्ये तिने एकेक हिरवा ठेवला, देठ खाली करून, सुलू ठेवायची तसा. आई टोपलीतून आंबे देत होती. आंबा देताना प्रत्येक वेळी तिची बोटं मंदाच्या बाहीला लागून जात होती.

वरचा पेंढा सारखा झाला. मंदाने आत हात घालून पाहिलं. ऊब होती. कमी, पण होती. तिला हात काढावासा वाटेना. काढताना आतून कुणी धरला तर, असंही वाटलं.

आईने तिच्या काखेतली पोलक्याची शिवण चाचपली. शिवण ताणून पांढरी पडली होती.

"काचतंय?"

"थोडं."

आई शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"फुडल्या आंब्याला तू सोळाची व्हशील, तिच्याएवढी," ती म्हणाली. "त्याच्या फुडल्याला तिच्यापरीस मोठी."